अंगणातले पेव्हर, शहाबादी पायवाट आणि लॉन : वाळू नक्की किती ब्रास सांगायची? (सोलापूर)

विजापूररोडकर
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात रो-हाऊसचं बांधकाम संपलंय, आता अंगण उरलंय. समोर ३० बाय १८ फुटांवर ६० मिमीचे पेव्हर ब्लॉक घालायचे आहेत, त्यातल्या अर्ध्या भागात गाडी उभी राहील. बाजूने मागच्या दारापर्यंत ३६ फूट लांब, ३ फूट रुंद शहाबादी फरशीची पायवाट. मागे १२ बाय १५ चं लॉन आणि मुलीसाठी ५ बाय ५ चा वाळूचा हौद.
दोन ठेकेदार येऊन बघून गेले. एक म्हणाला चार ब्रास वाळू लागेल, दुसरा म्हणाला दीड ब्रासमध्ये काम होतंय. दोघांनी टेप लावली नाही. जागा तीच, मग एवढा फरक कसा? मला स्वतः हिशोब मांडून मगच वाळू सांगायची आहे. खालची जमीन काळी आहे.

साईटवर
हिशोब अवघड नाही, फक्त एककं एकत्र आणायची. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी आणि रुंदी फुटात घ्या, जाडी इंचात असेल तर १२ ने भागून फुटात आणा, तिन्हींचा गुणाकार करा आणि १०० ने भागा.
पेव्हरखाली वाळूचा थर दाबल्यानंतर साधारण २५ ते ४० मिमी राहिला पाहिजे, म्हणजे एक ते दीड इंच. तुम्ही दीड धरा. ३० × १८ म्हणजे ५४० चौरस फूट, गुणिले ०.१२५, झाले ६७.५ घनफूट. पायवाट १०८ चौरस फूट आहे. शहाबादी सगळीकडे एकसारख्या जाडीची मिळत नाही, खालची बाजू ओबडधोबड असते, म्हणून तिथे दोन इंच धरा : १८ घनफूट. दोन्ही मिळून ८५.५ घनफूट. एक ब्राससुद्धा होत नाही.
पण ही दाबून बसलेली वाळू आहे. ट्रॉलीतून येते ती सैल असते, त्यामुळे त्यावर २० ते २५ टक्के वाढवावे लागतात. सांडणं, मातीत मिसळणं वेगळं.

ओव्हरसीअरकाका
साईटवर यांचं गणित बरोबर आहे. आता पहिल्या ठेकेदाराचे चार ब्रास कुठून आले ते बघू. ६४८ चौरस फुटांवर सहा इंच वाळू धरली की ३२४ घनफूट, सैल वाळूचे २५ टक्के वाढवले की ४०५. म्हणजे त्याने खालची भरावसुद्धा वाळूतच धरली आहे. दुसऱ्याने फक्त वरचा थर धरला. दोघांचा वाद वाळूचा नाहीच, वाळूखाली काय असावं याचा आहे.
काळ्या मातीवर सहा इंच वाळू टाकू नका, हे कळकळीनं सांगतो. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात वाळली की भेगाळते. एप्रिल-मे मध्ये होटगी रोडच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन बघा, भेगेत अख्खा पंजा जातो. वाळूतून पाणी झटकन खाली उतरतं, पण काळ्या मातीतून ते पुढे झिरपत नाही. मग पावसाचं पाणी त्या वाळूतच साठून राहतं, खालची माती फुगते आणि पेव्हर कुठे वर उचलतात, कुठे खचतात. वाळू जितकी जास्त, तितकं हे दुखणं जास्त.
आधी एका कोपऱ्यात दोन फूट खड्डा घेऊन बघा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळी माती उथळ असते आणि खाली लगेच मुरूम लागतो. तसं असेल तर काळी काढून टाकली की निम्मं काम झालं. खोल असेल तर दहा-बारा इंच तरी काढा, सहा इंच चांगला मुरूम दोन थरांत पाणी मारून रोलरने किंवा धुम्मसाने दाबा. गाडीच्या भागात त्यावर चार इंच खडी आणि डस्ट (क्रशरची दगडपूड) एकत्र दाबून घ्या. उतार या थरातच द्या, दहा फुटाला दीड ते दोन इंच, घरापासून बाहेरच्या बाजूला. वाळूचा थर सगळीकडे एकाच जाडीचा हवा. खालचा खड्डा वाळूने भरून पातळी काढली की सहा महिन्यांत नेमका तोच खड्डा वर दिसतो.
मुरूम ६४८ चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे ३२४ घनफूट दाबलेला. सैल मुरूम ३० टक्के जास्त धरा, सव्वाचार ब्रासच्या आसपास जाईल. पैसे तिथे घाला.

विजापूररोडकर
काका, आभारी आहे. चार आणि दीडचं कोडं सुटलं. उद्याच खड्डा घेतो.
वाळूचा एक प्रश्न. २० टक्के वाढवायचे की २५? आणि ओली वाळू आली तर?

सीनाकाठ
ओल्या वाळूचं मी सांगतो. वाळूला थोडा ओलावा असला की ती फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तेव्हा ही फूग सगळ्यात जास्त, बारीक वाळूत २५-३० टक्क्यांपर्यंत सहज जाते. म्हणून २५ टक्के दाबण्याचे आणि वर २५ फुगण्याचे, असे दोन्ही धरा. दोन ब्रास सांगून टाका, कमी पडायला नको.

ओव्हरसीअरकाका
फुगण्याचं कारण बरोबर सांगितलंत, पण दोनदा धरू नका. दमट सैल वाळू दाबल्यावर बसते तेव्हा ती फूगच मोडत असते. २०-२५ टक्क्यांत ती बऱ्यापैकी आलेली आहे. पूर्ण भिजलेली, पाणी गळणारी वाळू फुगलेली नसते. पापुद्रे राहत नाहीत, कण पुन्हा खाली बसतात. म्हणून पावसात भिजून चिंब झालेला ढीग घनफुटाला उलट भरीव असतो, आणि दोन दिवस निथळून दमट झालेला फसवा असतो.
आकडा टक्क्यांच्या वादावर सोडू नका, बादलीत काढा. सरळ कडांची बादली किंवा पत्र्याचा डबा घ्या. जिथून वाळू घेणार तिथली वाळू न ठोकता काठोकाठ भरा, पट्टीने सपाट करा. मग ती बाहेर काढून त्याच डब्यात तीन थरांत परत भरा आणि प्रत्येक थर लाकडी ठोकळ्याने दाबा. आता वरून किती इंच रिकामं राहिलं ते मोजा. डब्याच्या पूर्ण उंचीला दाबलेल्या वाळूच्या उंचीने भागलं की तुमचा गुणक मिळतो. दमटपणा, कणांचा आकार सगळं त्यात आलं.

सीनाकाठ
हे पटलं. डब्याची चाचणी घेतल्यावर वेगळं काही धरायची गरज नाही. दोन ब्रासचं म्हणणं मागे घेतो.

पार्कचौक
कुठली वाळू घेणार हे कुणी विचारलंच नाही. भीमेची वाळू म्हटली की आपल्याकडे डोळे चमकतात, पण पेव्हरखाली तिची गरज नाही. क्रश सँड, म्हणजे क्रशरवर दगड फोडून केलेली वाळू घ्या. कण टोकदार असल्यामुळे एकमेकांत अडकून बसतात, चाकाखाली सरकत नाहीत. मात्र दुकानात 'काँक्रीटची' म्हणून मागा. 'प्लास्टरची' फार बारीक असते, ती खालच्या थराला नको. धुतलेली मिळाली तर उत्तम, कारण क्रश सँडमध्ये दगडाची पूड जास्त असते आणि पूड पाणी धरून ठेवते. आयएस ३८३ या काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकात ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग नैसर्गिक वाळूत वजनाने ३ टक्के आणि क्रश वाळूत १५ टक्क्यांपर्यंत चालतो. काँक्रीटला १५ चालेल, पण पेव्हरखाली जितकी पूड कमी तितकं बरं. नुसती डस्ट स्वस्त पडते म्हणून कुणी टाकायला लागलं तर थांबवा.
नदीची घ्यायचीच असेल तर बाटलीची चाचणी करा. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, पाऊणपर्यंत पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवून तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा वेगळा थर दिसेल. तो वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती गाडी परत पाठवा.
आणि वाळू नदीची असो की क्रशरची, वाहतूक पास मागा. सरकारच्या 'महाखनिज' या ऑनलाइन प्रणालीवर पासची नोंद असते, गाडीचा नंबर आणि ब्रास जुळतात का बघा. रात्री उतरवून जाणाऱ्या गाडीकडून घेऊ नका. २०२३ च्या धोरणात सरकारी डेपोतून ब्रासला ६०० रुपये दर जाहीर झाला तेव्हा लोकांनी आशा धरली होती. नंतर धोरण बदललं, २०२५ मध्ये राज्याने कृत्रिम वाळूचं धोरणही आणलं. घरगुती अंगणासाठी नदी उपसायला नको, असं मला मनापासून वाटतं. भीमा-सीनेच्या काठच्या विहिरींचं पाणी त्या वाळूच्या जिवावर टिकतं.

सीनाकाठ
शेवटच्या वाक्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. आमच्या गावात हे डोळ्यांनी बघितलंय. पात्रातली वाळू गेली आणि काठच्या विहिरी आधीपेक्षा लवकर तळ दाखवू लागल्या.

मातीशीनातं
लॉनबद्दल लिहिते. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते असं पुष्कळ लोक मानतात. होत नाही. चिकण कणांच्या मानाने वाळू थोडी असेल तर चिकण तिच्याभोवती चिकटते आणि वाळल्यावर सगळं आणखी घट्ट होतं. परिणाम दिसायला वाळू निम्म्याहून जास्त लागेल, ते परवडत नाही.
वरची काळी सहा इंच काढा आणि लाल माती तीन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, जाड वाळू एक भाग असं भरा. १८० चौरस फूट गुणिले अर्धा फूट म्हणजे ९० घनफूट मिश्रण, त्यात वाळू १८ घनफूट. शेणखत नीट कुजलेलं नसेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) मागे लागते, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या. पुढे वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाला, वाळू आणि चाळलेल्या खताचा पाव इंच थर लॉनवर पसरायचा. मिश्रण पावणेचार घनफूट लागतं, त्यातली वाळू दोन-अडीच. ती आत्ताच बाजूला पोत्यात भरून ठेवा.
आणखी एक. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. १८० चौरस फूट लॉन म्हणजे पाण्याची कायमची जबाबदारी आहे. अर्धंच लॉन करून बाकी जागेत कडुनिंबाचं किंवा कवठी चाफ्याचं झाड लावा, अशी माझी विनंती. निर्णय तुमचा.

विजापूररोडकर
ताई, लॉन मुलीसाठी आहे, पण तुमचं पटतंय. घरात बोलतो.

चादरवाली
हौदाविषयी विचारते, आमच्याकडेही करायचाय. त्यात क्रश सँड चालते का? आणि मांजरांचं काय?

साईटवर
क्रश चालणार नाही. टोकदार कण मुलांच्या कातडीला खरचटतात आणि पूड उडून नाका-डोळ्यांत जाते. तिथे मात्र नदीची, धुतलेली, चाळलेली वाळू. लागते थोडीच. ५ बाय ५ च्या एक फूट खोल हौदात वाळू नऊ इंचच भरा, वर तीन इंच मोकळे ठेवा. १९ घनफूट होते. इथे दाबण्याचा गुणक नको, वाळू सैलच राहणार. सिमेंटच्या ५० किलोच्या रिकाम्या पोत्यात साधारण सव्वा घनफूट मावतं, म्हणजे पंधरा-सोळा पोती. एवढ्यासाठी ट्रॉली मागवू नका, दुकानातून पोत्यावर घ्या.
तळाला सिमेंटचा कोबा नको. त्या एक फुटाच्या खाली खडीचा तीन इंच थर आणि त्यावर जाळीदार कापड घाला, म्हणजे पाणी उतरेल आणि खडी वर येणार नाही. मांजरांसाठी झाकण हवंच. लाकडी चौकटीवर शेडनेट ताणून बसवा, मूल खेळून झालं की झाकायचं. पावसाळ्यात वरून ताडपत्री.

चादरवाली
छान समजलं. धन्यवाद.

विजापूररोडकर
खड्डा घेतला. चौदा इंचांवर मुरूम लागला, म्हणजे काळी पूर्ण काढता येईल. क्रशरच्या डेपोवर डबा घेऊन गेलो. धुतलेली काँक्रीटची वाळू होती, हाताला किंचित दमट. डबा १३ इंचांचा, दाबल्यावर वाळू साडेदहावर आली. १३ भागिले १०.५ म्हणजे १.२४.
८५.५ गुणिले १.२४ म्हणजे १०६ घनफूट. सांडण्या-मिसळण्याचे ८ टक्के धरून ११४ ते ११५. लॉनच्या मिश्रणाची १८ मिळवली की १३३. दीड ब्रास सांगू ना? वर १७ घनफूट उरतील. पेव्हरच्या फटींसाठी यातलीच वापरता येईल का?

ओव्हरसीअरकाका
दीड ब्रास बरोबर. उरलेली पुढच्या वर्षीच्या लॉनला आणि दुरुस्तीला लागेल.
फटींसाठी मात्र ही नको, प्लास्टरची बारीक आणि पूर्ण कोरडी वाळू घ्या. २०० बाय १०० मिमीचा ब्लॉक आणि ३ मिमी फट धरली तर फटींची जागा एकूण क्षेत्राच्या सव्वाचार-साडेचार टक्के होते. ५४० चौरस फुटांवर, ६० मिमी खोलीला, पाच घनफुटांच्या आत. चार पोती आणा, पुरून उरतील. प्लेट कॉम्पॅक्टर (ब्लॉक थरथरवून दाबणारं यंत्र) फिरताना खालची थोडी वाळूही फटीत वर चढते.
ट्रॉली आली की उतरवण्याआधी मोजा. आतली लांबी, रुंदी आणि वाळूची सरासरी उंची. १० बाय ६ ची ट्रॉली पावणेदोन फूट भरली असेल तर १०५ घनफूट. वर शिखर दिसतं म्हणून खूप वाळू आहे असं समजू नका, कडेला खोलगट असते. चारी कोपऱ्यांत आणि मध्ये सळई खुपसून उंची घ्या, सरासरी काढा. वजनावर घेत असाल तर ब्रासला साधारण साडेचार टन, पण तिथे हिशोब उलटा होतो. मापावर घेताना दमट वाळूत तोटा, वजनावर घेताना भिजलेल्या वाळूत तोटा, कारण पाण्याचेही पैसे मोजावे लागतात.

साईटवर
थर टाकायची पद्धतही लिहून ठेवतो, कारण मोजून आणलेली वाळू इथेच वाया जाते. दीड इंची जीआय पाइप बाहेरून ४८ मिमी भरतो, म्हणजे १.९ इंच. तुमच्या दीड इंचाला १.२४ ने गुणलं की १.८६ येतात. जवळजवळ तेवढंच. असे दोन पाइप दाबलेल्या थरावर समांतर ठेवा, मध्ये वाळू टाका आणि ॲल्युमिनियमची पट्टी पाइपांवरून ओढा. थर आपोआप हवा तेवढा येतो. पाइप काढून त्यांच्या खाचा भरा आणि त्यावर कुणाला चालू देऊ नका. ब्लॉक पुढून मागे, घातलेल्या ब्लॉकवर उभं राहून बसवत जायचे.
चारी बाजूंना काठ आधी बांधून घ्या, कर्ब काँक्रीटमध्ये पक्के बसवून. काठ नसेल तर वाळू कडेने सरकत जाते आणि गाडीच्या बाजूचे ब्लॉक मोकळे होतात.
शहाबादीवर कॉम्पॅक्टर चालवू नका, फरशी तडकते. तिथला वाळूचा थर फरशी घालण्याआधीच हातधुम्मसाने दाबून घ्या, वर थोडी सैल वाळू ठेवा आणि फरशी रबरी हातोडीने ठोकून बसवा. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर उचलून पुन्हा वाळू द्या.

विजापूररोडकर
दीड ब्रास आणि चार पोती प्लास्टरची सांगून टाकली. पासचा नंबर जुळला. ट्रॉली मोजली तेव्हा पहिल्या खेपेत ९४ भरली. चालकाने कुरकुर न करता दुसऱ्या खेपेत कमी होती तेवढी भरून दिली. लॉन निम्मं केलंय, उरलेल्या जागेत कडुनिंब लावणार. त्यामुळे मिश्रणाला वाळू नऊ घनफूटच लागेल.
मुरमाचं काम सोमवारी सुरू. काका, फटीतली वाळू एकदाच भरायची की पावसानंतर परत?

ओव्हरसीअरकाका
परत. पहिल्या एक-दोन चांगल्या पावसांनंतर ती अर्धा इंच खाली बसते. ऊन पडून ब्लॉक पूर्ण वाळले की कोरडी वाळू झाडूने आडवी-तिडवी लोटा आणि जादा झाडून काढा. ओल्या ब्लॉकवर लोटली तर ती वरच चिकटून राहते, फटीत जात नाही. त्यासाठी चारपैकी एक पोतं आजच घरात, फरशीवर नाही तर लाकडी फळीवर ठेवून द्या.

मातीशीनातं
कडुनिंब पेव्हरच्या काठापासून आणि भिंतीपासून दहा-बारा फूट तरी लांब लावा. मुळं पुढे कर्ब उचलतात. मागे तेवढी जागा नसेल तर कवठी चाफाच लावा, त्याला कमी जागा पुरते.

विजापूररोडकर
मागे भिंतीपासून जेमतेम आठ फूट सापडतात. म्हणजे चाफा.